कप्तान कोणी व्हायचे? : पालवणकर बंधू आणि १९२० सालचा एक वाद

२०२० च्या ऑगस्टातली गोष्ट. टाळेबंदी चालू होती आणि रत्नागिरीतील आमच्या छोट्याशा अभ्यासगटाच्या बैठका फोनवर भरत असत. त्या आठवड्यात एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधावर बोलायचे ठरले होते. पण जमलेल्या विद्यार्थ्यांचे चित्त निबंधात नव्हते. लिओनेल मेस्सीने २५ ऑगस्टला बार्सिलोना क्लबला रीतसर पत्र धाडून आपल्याला मुक्त करावे अशी मागणी केली होती आणि साऱ्या जगातले फुटबॉलवेडे दोन तटांत विभागले गेले होते. आमच्या बैठकीतही ते दोन तट पडले. क्लब खेळाडूहून मोठा, असे एक तट म्हणत होता. ज्या अध्यक्षाने संघाची अशी अवस्था करून ठेवली त्यानेच जावे, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, क्लब म्हणजे नक्की कोण?" त्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

बार्सिलोनापुरते या प्रश्नाला उत्तर आहे. तो क्लब त्याच्या लाखाहून अधिक सभासदांचा आहे. ते अध्यक्ष निवडतात आणि नकोसा झाला तर त्याच्यावर अविश्वासही आणू शकतात. त्या वर्षी तशा मागणीवर वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि ठरावावर मतदान होण्याआधीच, २७ ऑक्टोबरला, अध्यक्ष बार्तोमेउ यांनी राजीनामा दिला. परंतु ज्या संघाचे नाव एका संपूर्ण समाजाचे आहे आणि ज्याची निवड मात्र मूठभर सभासदांच्या हाती आहे, त्या संघाविषयी हाच प्रश्न विचारला तर काय होईल? त्यासाठी स्पेनपर्यंत जाण्याचे कारण नाही. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या डिसेंबरात, मुंबईत तो विचारला गेला होता, आणि ज्यांच्यामुळे विचारला गेला त्यांचे आडनाव आमच्या कोकणातल्या पालवण या गावावरून आलेले होते.

त्या काळच्या मुंबईत क्रिकेटचे संघ जातधर्मावर बेतलेले होते, हे आज सांगितले की विद्यार्थ्यांना नवल वाटते. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने नियमाने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू त्यात आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाली. पुढे १९३७ मध्ये 'इतर' असा पाचवा संघ आला आणि १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद पडली. हिंदूंचा संघ निवडण्याचे काम परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडे होते. लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना समुद्रालगतच्या सरकारी जमिनीवर १८९४ मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेचे कारभारी म्हणजे प्रामुख्याने धनिक गुजराती आणि वरिष्ठ जातींतले सुशिक्षित मराठी गृहस्थ. सामना मात्र बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होई. त्या जिमखान्यात एतद्देशीयाला सभासदत्व नव्हते. सामन्याच्या दिवसांत भोवती तंबू पडत, झाडांवर माणसे चढत, आणि ज्यांना त्या इमारतीची पायरी चढता येत नव्हती असे हजारो लोक तिच्या अंगणात आपला संघ जिंकावा म्हणून ओरडत. आपला म्हणजे कोणाचा, हे ओरडताना विचारण्याची गरज कोणाला भासत नसावी.

बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ या संघातून खेळले. कुटुंब चर्मकार समाजातले, वडील लष्कराच्या नोकरीत. बाळूंचे बालपण त्यामुळे पुण्यात, छावणीच्या आसऱ्याने गेले आणि तिथेच गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या साधनांनी भाऊ खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती; खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले तेव्हा तो चार झाला. तिथे जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज रोज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. ग्रेगला बाद केले की दर वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, दुसरी एक गोष्ट आम्हांला अधिक बोलकी वाटते: पूना क्लबातल्या त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. गोलंदाजी ही चाकरी होती आणि फलंदाजी हा धन्याचा विरंगुळा.

हा भेद लक्षात ठेवावा. पुढच्या साऱ्या प्रकरणाची किल्ली आम्हांला त्यातच दिसते.

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते, आणि हरवू शकेल असा डावखुरा फिरकी गोलंदाज क्लबात झाडू मारत होता. बराच खल होऊन बाळूंना हिंदूंच्या संघात घेतले गेले. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा, हे मान्य झाले. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळू बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे झाले तर त्यांच्यासारख्याच एखाद्या अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात आणून द्यायचे. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, या तर्कशास्त्रावर आमच्या धर्मशास्त्रज्ञांपैकी कोणी टीका लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाला हरवून मंडळी परत आली तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी, ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत आहे अशा आशयाने संघाला समजावले, आणि लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केला, असे सांगितले जाते. कपाचा प्रश्न तरी त्यानंतर हळूहळू मिटला.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले, रेल्वेत नोकरीला लागले, आणि काही सभासदांचा विरोध असूनही हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना प्रथमच हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांचा. बाळू आणि शिवराम दोघेही त्या सामन्यात होते. सुधारकांच्या पत्रांनी या विजयाचा अर्थ लगेच लावला: जातिभेद बाजूला ठेवला की साहेबालाही नमवता येते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. दोन घटनांचा थेट संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. पण त्या एकाच हवेतल्या आहेत एवढे नक्की.

१९११ मध्ये भारतातला पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४, वयाची पस्तिशी गाठलेली आणि खांदा दुखावलेला. संघाचा कप्तान कोण होता? पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय वर्षे एकोणीस. ते दौऱ्यातला बराच काळ संघाबरोबर नव्हतेच. राज्यारोहणाचे समारंभ आणि मेजवान्या यांत गुंतलेले होते. त्यांच्या कप्तानपदाविषयी हिंदुस्थानात कोणी फारशी तक्रार केली नाही. कप्तानपद ही खेळातली जबाबदारी असण्याआधी दरबारातली जागा होती, आणि त्या जागेवर राजाने बसावे हे लोकांना इतके स्वाभाविक वाटत होते की तो प्रश्नच उद्भवत नव्हता. दौऱ्याहून परतलेल्या बाळूंचा मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने सत्कार झाला. त्यातले मानपत्र भीमराव आंबेडकर या कॉलेजातल्या तरुणाने लिहिले होते, असे सांगतात.

हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्या सुमारास मुकुंद दामोदर पै यांच्याकडे होते. पै सारस्वत ब्राह्मण, चांगले फलंदाज, आणि सभ्य गृहस्थ. बाळू त्यांच्याहून ज्येष्ठ होते, कर्तबगारीत तर वादच नव्हता. तरी दर वर्षी कप्तान म्हणून नाव यायचे ते दुसऱ्याचे. १९१३ मध्ये पैंचा सत्कार झाला तेव्हा खुद्द पैंनीच जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. असे म्हणणारा कप्तान आजही विरळाच. परंतु पैंनी हे म्हटल्यावरही पुढची सात वर्षे जिमखान्याच्या निवडीत फरक पडला नाही, हेही नोंदवले पाहिजे. व्यक्तीचे मन उदार आहे म्हणून संस्थेची रीत बदलते असे नाही.

आता १९२०. हे साल किती भरलेले होते याची आठवण मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला करून द्यायला नको. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, मेअखेरीस नागपूरची बहिष्कृत परिषद. जुलैत आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. १ ऑगस्टला टिळक वारले. डिसेंबराच्या अखेरीस नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरायचे होते आणि गांधीजी अस्पृश्यता हा हिंदू धर्मावरील कलंक असल्याचे ठिकठिकाणी सांगत होते. अशा डिसेंबरात मुंबईला चौरंगी सामने आले. हिंदूंची पहिली गाठ मुसलमानांशी होती. पै आजारी पडले. निवड समितीने त्यांच्या जागी कप्तान म्हणून पुण्याच्या दिनकर बळवंत देवधरांचे नाव जाहीर केले आणि बाळूंना संघातूनच वगळले.

शिवराम आणि विठ्ठल हे दोघे संघात होते. दोघेही देवधरांहून वयाने आणि अनुभवाने मोठे. विठ्ठल तर त्या वेळी हिंदूंच्या सर्वोत्तम फलंदाजांत गणले जात. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याची कारणे सांगणारे पत्रक वर्तमानपत्रांकडे दिले. आपल्याला आणि आपल्या भावाला डावलण्यामागे खेळ नसून जात आहे, हा त्याचा मथितार्थ.

मग वाद पेटला. 'बॉम्बे क्रॉनिकल'सारख्या पत्रांतून तो गाजला आणि मैदानावरच्या तंबूंतूनही. वाद घालणाऱ्या प्रेक्षकांच्या हाती मत नव्हते, सभासदत्व नव्हते. होती ती फक्त वर्तमानपत्राची टपालपेटी आणि सामन्याला येणे किंवा न येणे. यातल्या बाजू आम्ही एकदा नीट तोलून पाहू इच्छितो, कारण अशा प्रकरणांत निकाल आधी देऊन पुरावा मागाहून गोळा करण्याची आपल्याकडे चाल आहे.

जिमखान्याच्या बाजूने काय म्हणता येण्यासारखे होते? बाळू पंचेचाळिशीला टेकले होते. त्या वयाच्या गोलंदाजाला वगळणे हा अपराध नाही. आजचा कोणताही निवडकर्ता तेच करील. देवधर अठ्ठावीस वर्षांचे, उत्तम फलंदाज, सुशिक्षित. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला, तेव्हा त्यांच्या अंगी कप्तानाचे गुण नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी स्वतःची नेमणूक स्वतः केली नव्हती हेही खरे. आणि देशात असहकाराची हाक दिली जात असता हिंदूंनी आपसांत भांडू नये, असे वाटणारे लोक सगळेच काही लबाड नव्हते.

एवढे मान्य करूनही हिशेब जुळत नाही. बाळूंना वयामुळे वगळले असे धरले, तर ज्येष्ठतेने कप्तानपद शिवराम किंवा विठ्ठल यांच्याकडे यायला हवे होते; त्यांना का वगळले याचे उत्तर वयात सापडत नाही. ज्येष्ठता हा निकष नको, शिक्षण आणि सामाजिक वावर हवा, असे धरले तर निदान बोलणे सरळ होते. पण मग ते जातीचेच दुसरे नाव ठरते, कारण १९२० मध्ये कॉलेज कोणाच्या वाट्याला आले होते हे सर्वांना माहीत होते. आणि शेवटचा मुद्दा तर जिमखान्यानेच आपल्या हाताने लिहून दिला. हिंदूंनी मुसलमानांना हरवून अंतिम सामना गाठला. समोर पारशी होते. पै बरे होऊन परतले. वाद वाढू नये म्हणून तडजोड झाली: पै कप्तान आणि बाळू उपकप्तान. दोघे भाऊही परत आले. जो गोलंदाज काही दिवसांपूर्वी संघात राहण्याच्याही योग्यतेचा नव्हता तो अकस्मात उपकप्तान कसा झाला? त्याच्या खांद्यातली ताकद तर त्या आठवड्यात वाढली नव्हती.

अंतिम सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. १९१३ मध्ये बोललेला शब्द पैंनी आपल्या परीने पाळला, असा याचा अर्थ आम्ही लावतो. सामना अनिर्णित राहिला आणि करंडक दोघांत वाटला गेला. बाळूंना हिंदूंच्या संघाचे रीतसर कप्तान म्हणून कधीच नेमले गेले नाही. जे मिळाले ते एवढेच, दुसऱ्याच्या सौजन्याने मिळालेले काही तास.

इथे आम्हांला एका नाटक मंडळीची आठवण होते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर नाटक मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. तिथेही चालक आणि नामवंत नट यांच्यातली कुरबुर होती, तिथेही रसिकांत दोन पक्ष पडले होते. मात्र रुसलेल्या नटाला नवी मंडळी काढता आली, आणि रसिक त्याच्यामागे गेले. पालवणकर बंधूंना ती वाट मोकळी नव्हती. दुसरा 'हिंदू संघ' काढायचा कसा? मेस्सीलाही वर्षभराने पॅरिसचा रस्ता मिळाला. ज्याला जायला दुसरी जागा नाही अशा माणसाचा नकार निराळा असतो. शिवराम आणि विठ्ठल यांनी अंग काढून घेतले तेव्हा आपण पुन्हा कधी खेळू याची हमी त्यांना कोणी दिली नव्हती.

म्हणूनच त्यांच्या पत्रकाकडे आम्ही एक लेखनप्रकार म्हणून पाहावे असे सुचवतो. आमच्या जिल्ह्यातील दापोलीत गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि १८९४ मध्ये अस्पृश्यांना पुन्हा सैन्यात घ्यावे म्हणून एक विनंतीपत्र तयार केले. त्या पत्रातली विद्वत्ता आणि धार कोणालाही चकित करील. पण त्याचा साचा अर्जाचा आहे. अर्जदार खाली उभा आहे आणि देणारा वर बसला आहे, ही त्या साच्याची अटच असते. त्या काळी त्याहून निराळे लिहिणे शक्यही नव्हते. सव्वीस वर्षांनंतर, वलंगकरांप्रमाणेच लष्करी छावणीच्या सावलीत वाढलेल्या घरातले दोन भाऊ लिहितात तेव्हा साचा उलटला आहे. ते काही मागत नाहीत. आम्ही खेळणार नाही, आणि का ते लोकांनी वाचावे, एवढेच त्यांचे म्हणणे. विनंती वरिष्ठाला उद्देशून असते. हे पत्रक प्रेक्षकांना उद्देशून होते. दलित साहित्याच्या इतिहासात नकार हा शब्द आपण १९६० नंतरच्या पिढीसाठी राखून ठेवतो. क्रिकेटच्या पानावर छापून आल्यामुळे हा आधीचा नकार आपल्या नजरेतून सुटला असावा.

आणि ही ठिणगी कप्तानपदावरून पडावी यातही अर्थ आहे. संघात प्रवेश, मैदानावर खेळणे, अगदी सहभोजनसुद्धा, हे सारे वरच्याने खालच्याला देता येते, आणि देताना देणारा वरच राहतो. कप्तान मात्र हुकूम सोडतो. अमक्याने इथे उभे राहावे, तमक्याने आता चेंडू टाकावा, आणि ब्राह्मण असो वा बनिया, त्याने ते मुकाट्याने ऐकावे. ज्या गोलंदाजीकडे चाकरी म्हणून पाहिले गेले तिच्यात बाळूंनी कितीही नैपुण्य दाखवले तरी त्याने कोणाची जागा हलत नव्हती. कप्तानपदाने हलत होती. वीस वर्षे बाळूंच्या प्रत्येक बळीला टाळ्या वाजवणाऱ्या संस्थेचा हात नेमका इथेच अडावा, याचे आम्हांला आता आश्चर्य वाटत नाही. आमच्या रत्नागिरीतही १९३१ मध्ये भागोजी कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींना दर्शन खुले झाले. ती घटना मोठीच आहे आणि तिचा अभिमान बाळगण्यात गैर नाही. परंतु प्रवेश आणि अधिकार या दोन गोष्टी किती अंतरावर असतात हे मोजायचे झाल्यास मुंबईच्या त्या मैदानाकडेच जावे लागते.

पुढची हकीकत थोडक्यात. १९२० च्या तडजोडीने प्रश्न मिटला नाही. तीन वर्षांनी तो सुटला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे कागदावर तरी ठरले. त्याच वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदू जिमखान्याने विठ्ठल पालवणकरांना कप्तान नेमले. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि उच्चवर्णीय चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवले. त्यांच्याच नेतृत्वाखाली पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही करंडक हिंदूंकडे आला. विजयानंतरच्या लिखाणात सूर असा दिसतो की जणू सगळ्या हिंदू समाजानेच हे औदार्य दाखवले. १९२० च्या पत्रकाची आठवण त्या उत्साहात कोणाला उरली होती, कोण जाणे.

बाळूंची कथा मात्र इतकी सरळ संपत नाही, आणि ती सरळ करून सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. ज्या तरुणाने त्यांच्या गौरवाचे शब्द लिहिले होते असे म्हणतात, त्याच आंबेडकरांच्या विरोधात ते उभे राहिले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्या बाजूचे होते, आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांसमोर त्यांनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचे अंतर. म्हातारपणातही त्या नावाला किती माणसे होती हे त्यावरून कळते. ज्या संस्थेने आपल्याला आयुष्यभर उपकप्तानाच्या वर चढू दिले नाही तिच्याच वळणाच्या राजकारणावर बाळूंनी भरवसा ठेवला, असे कोणी म्हणेल. त्यांना आत राहून जागा मिळवायची होती आणि आंबेडकरांना संघच नवा काढायचा होता, असेही म्हणता येईल. आमच्या गटात यावर एकमत झालेले नाही. एक सहकारी म्हणतात की बाळूंना कप्तान केले असते तर १९३७ मध्ये ते उभेच राहिले नसते. दुसरे म्हणतात की केले असते तर ते नक्कीच उभे राहिले असते आणि जिंकलेही असते.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. विठ्ठल त्यानंतर बरीच वर्षे होते. १९४८ मध्ये, चौरंगी-पंचरंगीचा खेळ कायमचा थांबल्यावर दोन वर्षांनी, त्यांनी मराठीत आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले: 'माझे क्रीडा-जीवन'. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील एका माणसाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहिलेले हे पुस्तक, आपण ज्यांना दलित आत्मकथनांचा आरंभ म्हणून शिकवतो त्या पुस्तकांच्या कित्येक वर्षे आधीचे आहे. त्या ऑगस्टातल्या बैठकीनंतर आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना ते शोधायला सांगितले. प्रश्न विचारणारी ती मुलगी एका ग्रंथालयाची सूची पाहून आली. आत्मचरित्रांच्या यादीत तिला ते आढळले नाही. 'खेळ' या सदरात, मल्लखांब आणि खो-खोच्या नियमांच्या पुस्तकांमध्ये, त्याची नोंद होती.